मायना वगळून

शोवा ३३ (इ.स. १९५८)

६ एप्रिल

आज आलेलं सामान: पत्राच्या कागदाची गुंडाळी एक, ३५ येन. लिफाफे वीस, २० येन. दहा येनची तिकिटं दहा, १०० येन. लाल शाईची वडी एक, ४० येन. टोफू दोन, टोफूवाल्या हिसाताईकडून, तिच्या मुलाला पत्र लिहून दिलं त्याबद्दल, किंमत नाही. फुसाएचं पत्र एक, तिकीट तिनंच लावलेलं, मला खर्च काही नाही.

फुसाएला दिवस गेले आहेत. तिसरा महिना लागलाय. आधी देव्हाऱ्यात दिवा लावला, अमिदा बुद्धाचं नाव घेतलं, मग पत्र पुन्हा वाचायला बसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा मात्र जीव खट्टू झाला. पत्राची सुरुवातच अशी: ‘मायना वगळून’. हे दोन शब्द घाईच्या कामाला चालतात. बरोबरीच्या माणसाला आगगाडीची वेळ कळवायची असेल तर चालतात. आईवडिलांना लिहिताना कधीच नाही. पुढचं तर जसं बोलते तसंच उतरवलेलं:

‘आई, मला घरी यायचंय. बाळंतपणाला नाही, आत्ताच, थोडे दिवस. इथे बर्फ अजून गेलं नाही. पाणी उताराखालच्या नळावरून आणावं लागतं. रात्री पोटात कळ येते. कुणाला सांगावं कळत नाही. सासूबाई म्हणतात, त्यांनी सहा बाळंतपणं कावड वाहत काढली. तू बोलावलंस तर हे लोक नाही म्हणणार नाहीत. बोलाव ना गं.’

तारीख नाही. ऋतूचा उल्लेख नाही, बर्फ आहे तो तक्रारीत. आमची प्रकृती कशी आहे ते विचारलेलं नाही. शेवटी ‘कळावे’ नाही. मुलींच्या हायस्कुलात मी पत्रलेखनात पहिली आले होते आणि माझी पोटची मुलगी ओतारूला, सासरी कुरोसाकींच्या घरात बसून असं लिहिते.

हे अंगणात औषधांच्या पुड्या मोजून पेटीत भरत होते. म्हणाले, “काय म्हणते पोरगी?”

म्हटलं, “तिला दिवस गेलेत. आणि पत्राला मायना नाही.”

“यातलं आधी कुठलं सांगायचं असतं, मास्तरीणबाई?”

ह्यांनी हात पुसून पत्र घेतलं, एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं. म्हणाले, “बोलावून घे.”

“असं कसं बोलावू? त्यांच्याकडून शब्द नको यायला?”

“शब्द आलाय की. हा काय तुझ्या समोर.”

“हा तिचा. सासरचा नव्हे. आपण होऊन बोलावलं तर त्यांना वाटेल, पोरीनं घरातली गाऱ्हाणी सांगितली.”

“सांगितलीच आहेत.”

“म्हणून तर.”

ह्यांनी पेटीचं झाकण लावलं. “पोटच्या पोरीशी परक्याची अदब,” एवढंच म्हणाले. हा शब्द मला लागतो हे त्यांना ठाऊक आहे.

८ एप्रिल

बुद्धजयंती. देवळात बाळबुद्धाच्या मूर्तीवर गोड चहाच्या तीन पळ्या घातल्या. तिन्ही फुसाएच्या बाळासाठी.

घरी येऊन उत्तर लिहिलं. वसंताचा मायना घातला, कुरोसाकी उभयतांच्या प्रकृतीची चौकशी केली, मग लिहिलं: ‘आनंदाची वार्ता समजली. सासरच्या वडीलधाऱ्यांनी रीतसर कळविल्यास आपणांस आणण्याची व्यवस्था करण्यात येईल. तोपर्यंत त्यांच्या आज्ञेत राहावे.’ घरात बोलताना तू, कागदावर आपण, हीच रीत मला वडिलांनी शिकवली. ते म्हणत, पत्र म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहणं आहे. आधी पादत्राणं काढावीत, मग वाकावं, मग काम सांगावं. चपलांसकट चटईवर येणाऱ्याचं काम कितीही निकडीचं असो, घरच्यांचं लक्ष चिखलाकडेच जातं.

तिचं पत्रही लाल शाईनं तपासून सोबत परत पाठवलं. रागानं नाही. वडील माझी अशीच परत पाठवायचे आणि मी त्यांतूनच शिकले. ‘मायना वगळून’भोवती वर्तुळ केलं. ‘बोलाव ना गं’ यातला ‘गं’ खोडला. लग्नात तिला मी वही करून दिली आहे, माझ्या हातची. बारा महिन्यांची बारा पत्रं, शिवाय आभाराचं, आजाराच्या चौकशीचं, सांत्वनाचं, मुलाच्या जन्माचं. तळाशी लिहिलं, वही पाहून लिहावे.

पोटातल्या कळांचं ह्यांना विचारलं. ते म्हणाले, “माझ्या पेटीत पोटदुखीवर अस्वलाच्या पित्ताची गोळी आहे, पण पोटुशीला ती द्यायची नसते. तिला विसावा द्यायचा असतो.” कळा कुणाला आल्या नाहीत? मलाही आल्या होत्या.

२० एप्रिल

हे औषधं विकायला आकिताच्या फेरीला गेले. पाठीवर पाच टोपल्यांची चळत. दारात वळून म्हणाले, “तिकडून पत्र आलं तर वाच. तपासू नको.”

३ मे

फुसाएचं पत्र आलं. किती सुंदर. इथे उतरवून ठेवते:

‘हिरव्या पालवीवरून येणारा वारा सुखावह झाला आहे. आपण उभयतां सुखरूप असाल, अशी आशा बाळगते. इकडे सर्व कुशल असून काळजीचे कारण नाही. ऋतुबदलात प्रकृतीस जपावे. कळावे.’

एकही अक्षर रेषेबाहेर नाही. शाई कुठे जास्त, कुठे कमी नाही. वाचताना मीच लिहिल्यासारखं वाटलं. लाल वडी पाण्यात घासायचीही गरज पडली नाही. देव्हाऱ्यापुढे ठेवलं.

हिसाताई टोफू घेऊन आली होती, तिलाही वाचून दाखवलं. ती निरक्षर, पण कान चांगला. ऐकून म्हणाली, “छान आहे हो वहिनी. देवळात वाचतात तसं वाटतं. पण पोटाचं काय म्हणते?”

“लिहिलंय ना, सर्व कुशल.”

“ते सर्वांचं झालं. तिचं?”

शिकलेल्या माणसाला पत्रातला ‘सर्व’ कळतो. हिला कसं समजावणार.

१९ मे

हिसाताईसमोर आज मान खाली घालावी लागली. तिचा मुलगा नागोयाला गिरणीत आहे. एप्रिलमध्ये तिनं सांगितलं होतं, “लिहा, जेवतोस का. पाय बरा आहे का. बंडी धुतोस का.” असलं कागदावर कसं घालायचं म्हणून मी फुललेल्या वसंताचा मायना घातला होता, ‘आपल्या कुशलतेची वार्ता ऐकण्यास उत्सुक आहे’ असं केलं होतं आणि ‘प्रकृतीस जपावे’मध्ये पाय आणि बंडी दोन्ही बसवली होती. पत्र त्याच्या जुन्या खोलीवर गेलं, फिरत फिरत आता पोचलं, आणि काल त्याची तार आली: कोण गेलं कळवा निघतो.

हिसाताई हसून हसून पायरीवरच बसली. “वहिनी, पोरगं म्हणत असेल, आईनं मला आपण म्हटलं, म्हणजे म्हातारी तरी गेली नाहीतर घर तरी जळलं.” मी तारेचे पैसे देऊ केले, तिनं घेतले नाहीत. तिनं गल्लीतल्या शाळेच्या पोरीकडून दोन ओळी लिहून घेतल्या. मी पाहिल्या. मायना नाही, काही नाही. ‘मी आहे. तू जेव.’

लोकांना भाषेची सवय राहिली नाही, हेच खरं.

५ जून

पाचव्या महिन्यात पंचांगातल्या श्वानदिवशी, कुत्रीसारखी सहज सुटका व्हावी म्हणून, पोटाला पट्टा बांधायचा आणि तो माहेरानं द्यायचा. आमच्या पंथात दिवस-वार पाहत नाहीत, अमिदाला सगळे दिवस सारखे. पण रीत ती रीत. चौदा तारखेला श्वानदिवस आहे, त्याआधी पोचावा म्हणून आज पाठवला. लाल आणि पांढरा, दोन्ही नव्या कापडाचे, वर लाल-पांढऱ्या दोऱ्याची गाठ, एकदा बांधली की न सुटणारी. कुरोसाकींच्या आईंना वेगळं पत्र, दोन वेळा कच्चं लिहून मग पक्कं केलं. त्यांच्याकडून अजून फुसाएला नेण्याबद्दल शब्द नाही. मोठं घर आहे, सवड झाली की लिहितील. मागायचं नसतं. वाट पाहायची असते.

ह्यांच्या जुन्या सुती झग्याचे अकरा लंगोट शिवून झाले. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड बाळाला टोचत नाही.

२४ जून

दोन पत्रं आली. कुरोसाकींच्या आईंचं चार ओळींचं, आभाराचं, रीतीला धरून. दुसरं फुसाएचं:

‘रोजच्या झडीने अंगण ओलेचिंब आहे. आपण उभयतां सुखरूप असाल, अशी आशा बाळगते. आपण अगत्याने पाठविलेली भेट पोचली. आपल्या स्नेहाची खूण म्हणून ती जपून ठेवली आहे. इकडे सर्व कुशल असून काळजीचे कारण नाही. कळावे.’

अक्षर पूर्वीहून बारीक झालंय. कागद पुरवत असेल, काटकसर माझ्याकडूनच शिकली. एकच खटकलं. भेट जपून ठेवली, हे फुलदाणीला ठीक. पट्टा हा बांधायचा असतो. आभाराच्या पत्रात वहीत तेच वाक्य आहे खरं, पण वाक्य उचलताना वस्तू कोणती ते पाहायला नको? ‘जपून ठेवली’भोवती लाल वर्तुळ करून बाजूला ‘बांधला’ लिहिलं आणि पत्र परत पाठवलं. एवढी एकच चूक. खाली पहिल्यांदाच लिहिलं, उत्तम.

१२ जुलै

हे आकिताहून आले. उन्हानं काळे झालेत. जेवून झाल्यावर म्हणाले, “पोरीची पत्रं काढ.”

मे महिन्याचं होतं. जूनचं मी परत पाठवलेलं, पण इथे उतरवून ठेवलं होतं, ते वाचून दाखवलं. काल आलेलं जुलैचंही. जूनच्या पहिल्याच वाक्याशी ह्यांनी थांबवलं.

“काय म्हणाली? झड?”

“रोजची झड. जून महिना ना.”

“होक्काइदोला जूनमध्ये झड नसते गं. तिकडे पावसाळा लागतच नाही. आमच्यातले ओतारूची फेरी करणारे त्याच दिवसांत जातात, औषध भिजत नाही म्हणून.”

म्हटलं, “मग खिडकीबाहेर न पाहताच लिहिलं म्हणायचं. सांगते तिला.”

हे म्हणाले, “वहीची कच्ची प्रत तू ठेवली होतीस. कुठं आहे?” मी पेटीच्या तळातून काढून दिली. ह्यांनी चटईवर वहीची पानं उघडली आणि शेजारी तिची पत्रं मांडली. मेचं मेच्या पानाशी, जुलैचं जुलैच्या पानाशी. मग माझी ही रोजनिशी घेऊन जूनच्या पानाशी. बोट ठेवत ठेवत, एक ओळ इकडची, एक ओळ तिकडची. काना-मात्रेचाही फरक नव्हता. ‘झड’ माझी होती. आमच्या तोयामाची.

“तीन महिने,” हे म्हणाले, “तू तुझीच पत्रं वाचतेयस.”

मी म्हणाले, मग उतरवलंय तरी नीट. असं का म्हणाले मला ठाऊक नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पत्रं गोळा केली.

१४ जुलै

हे ओतारूला निघाले. होणाऱ्या नातवंडाच्या आजोबांनी असं न कळवता व्याह्यांच्या दारात उभं राहणं बरं दिसत नाही, निदान तार तरी करा, म्हणून मी किती सांगितलं. टोपल्या पाठीला लावत म्हणाले, “औषधवाला दारात आला तर कुणी आधी पत्र मागत नाही.”

लंगोट द्यायला काढले होते. ते मात्र घेतले नाहीत. म्हणाले, राहू देत आत्ता.

२६ जुलै

दुपारी आले. पाय धुतले आणि थेट देव्हाऱ्यापुढे जाऊन बसले. एरवी मी सांगावं लागतं. मी पंखा घेऊन मागे बसले. माझ्याकडे पाठ करूनच त्यांनी सांगितलं.

मूल गेलं. अकरा जूनला. मुलगी होती. आदल्या दिवसापर्यंत फुसाए पाणी वाहत होती. पट्टा पोचला तेरा तारखेला.

मी विचारलं, “त्यांनी कळवलं का नाही?”

“तिनं सांगितलं, मी आईला लिहिते. त्यांना वाटलं, लिहिलं. जावईबापू सांगत होते, रोज वही उघडून बसायची म्हणे. त्यांना वाटायचं, लिहितेय.”

“मग लिहिलं का नाही?”

ह्यांनी तिचे शब्द सांगितले, जसेच्या तसे, म्हणून मीही तसेच लिहिते. “बाबा, वही सगळी पाहिली. सांत्वनाचं पत्र आहे, पण ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं. आपलंच मूल गेलं तर आईला काय लिहायचं, ते वहीत नाही. मनानं लिहिलं असतं आणि चुकलं असतं, तर परत आलं असतं.”

रस्त्यावरून बर्फाचा गोळेवाला घंटी वाजवत गेला. तो पार वळणापलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं बसून राहिलो.

पंधरा दिवस तापात होती. आता उठते, काम करते, बोलत नाही फारसं. सासूबाई वाईट नाहीत म्हणे. आता पाणी त्या स्वतः आणतात. पट्टा तिनं फणीच्या खणात ठेवलाय, गाठ न सोडता. त्याखाली मी परत पाठवलेलं तिचं जूनचं पत्र, घडी करून. “तो ‘बांधला’ पण मी पाहिला,” हे म्हणाले. “आणि ‘उत्तम’.”

मग हे माझ्याकडे वळले. म्हणाले, “मी दारात उभा राहिलो तर ती जमिनीला डोकं टेकून म्हणाली, आपण यावं, बसावं, प्रवासात त्रास झाला नाही ना. मला. माझ्या खांद्यावर बसून केस ओढायची, चल रे घोड्या म्हणायची, ती पोर. मी म्हटलं, चल घरी. तर म्हणाली, आईंनी रीतसर बोलावल्याशिवाय कसं येता येईल? ‘आईनं’ नाही म्हणाली गं. ‘आईंनी’ म्हणाली.”

यापुढे आज लिहिता येत नाही.

२८ जुलै

सकाळच्या भाताची एक जास्तीची मूद देव्हाऱ्यात ठेवली. नाव ठेवलेलं नाही, मग कुणाची म्हणून ठेवायची? देवळात जाऊन गुरुजींना विचारलं. ते मुगाला पाणी घालत होते. म्हणाले, “मित्सुएबाई, अमिदाच्या नामाची सहा अक्षरं आहेत. ती अडखळत म्हटली, मध्येच विसरली, नुसती सुरू केली तरी अमिदा येतो. त्याला कुठं मायना लागतो?” हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. दर वर्षी होओन्कोला, आमच्या पंथसंस्थापकांच्या पुण्यतिथीला, ऐकते.

दुपारी पत्राला बसले. लेखणी टेकवली आणि हातानं आपसूक लिहिलं, ‘कडक उन्हाच्या दिवसांत’. फाडलं. पुन्हा बसले. ‘दुःखद वार्ता समजून’. हे वहीतलं सांत्वनाचं. फाडलं.

३० जुलै

आज तीन वेळा बसले. हात ऐकत नाही. ‘आपण’ टाळून ‘तू’ लिहिलं, तर पुढचं क्रियापद ‘असाल’ असं आलं. चाळीस वर्षं या बोटांनी दुसरं काही लिहिलंच नाही. लग्न ठरलं तेव्हा ह्यांनाही मी मायन्यासकट लिहिलं होतं. ते अजून चिडवतात, की वाचून वाटलं, जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलंय.

ह्यांना म्हटलं, तुम्हीच लिहा. म्हणाले, “मी लिहिलं तर ती येणार नाही. तिला तुझा शब्द हवाय. पण लवकर लिही. मी निघताना तिनं दार लावून घेतलं ना, ते असं हळू लावलं, की आवाज नाही आला. मला ते आवडलं नाही.”

रीत मोडावी असं माझं म्हणणं आजही नाही. रीत नसती तर मी सासरी पहिली दहा वर्षं काढली नसती. काय वाटतं ते कुणाला सांगावं लागलं नाही, म्हणून निभलं. फुसाएलाही तेच द्यावं वाटलं. उन्हापावसात डोक्यावर धरायला काहीतरी. तिच्या आणि माझ्या मध्ये ते उभं राहील, हे कसं सुचणार? की सुचलं होतं? ‘बोलाव ना गं’ यातला ‘गं’ खोडताना क्षणभर हात थांबला होता. हे मी आजवर कुठे लिहिलं नाही.

२ ऑगस्ट

हिसाताई टोफू घेऊन आली. तिला आत बसवलं, कागद उघडला, लेखणी हातात घेतली आणि म्हटलं, “हिसाताई, तुम्ही सांगा. मी लिहिते.”

ती म्हणाली, “माझ्या पोराला?”

“नाही. फुसाएला. काय लिहू?”

तिला ह्यांच्याकडून सगळं कळलं होतं बहुतेक. तिनं ना डोळे पुसले ना काही. पाटीवरचं फडकं सारखं करत म्हणाली, “आधी विचारा, जेवलीस का.”

“आणि मग?”

“मग पुढचं येतं आपोआप. नाही आलं तर तेवढंच पाठवा.”

लिहिलं. कच्चं केलं नाही, पुन्हा वाचलं नाही. आता टाकायला जायचंय, त्याआधी इथे उतरवून ठेवते.

‘फुसाए, जेवलीस का?

बाबांनी सांगितलं. मुलगी होती तेही सांगितलं. मी तिच्यासाठी रोज सकाळी भात ठेवते. ती कुणासारखी दिसत होती, ते तुला सांगावंसं वाटलं तर सांग. नाही वाटलं तर नको.

एप्रिलमध्ये तू सगळं लिहिलं होतंस. पाणी, कळा, सगळं. मी चुका मोजत बसले आणि तू काय म्हणतेस ते वाचलंच नाही. तेव्हा बोलावलं असतं तर काय झालं असतं, ते अमिदाला ठाऊक. मला रोज वाटतं की वाचली असती. हे तुला लिहू नये असं हिसाताई म्हणेल, पण मला दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

ती वही टाकून दे. चुलीत घातलीस तरी चालेल, कागद चांगला पेटतो.

तू ये गं. बाळंतपणाला नाही, कशालाच नाही, नुसती ये. झोपून राहा. मी काही विचारणार नाही. कुरोसाकींच्या आईंना मी वेगळं लिहिते आहे, मायन्यासकट, ते माझ्याकडे लागलं. तू काही मागायचं नाहीस. आणि यायचं नसेल, माझं तोंड पाहायचं नसेल, तर तसं लिही. मग मी येईन आणि उताराखाली नळापाशी उभी राहीन. आओमोरीहून समुद्र ओलांडणाऱ्या बोटीची मला भीती वाटते, पण येईन.

सोबत पत्ता घातलेलं कार्ड ठेवलंय. त्यावर तारीख नको, ऋतू नको, आमची प्रकृती विचारायला नको. शिवी लिहिलीस तरी चालेल. नुसतं ‘आई’ लिहिलंस तरी पुरे. हे पत्र घेऊन येईल त्या टपालवाल्याला दारात क्षणभर थांबवून ठेव आणि त्याच्याच हाती, उलट टपाली, पाठव.’